एकशे साठ डाव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेतली नव्हे हो, कापायच्या टेबलावरची मास्तरीण. कोटांचं, गणवेशांचं कापड थरावर थर पसरलं की त्यावर पुठ्ठ्याचे नमुने मांडायचे, खडूनं आखायचं आणि मशीननं कापत जायचं, हे तिचं काम. बावीस वर्षांत तिच्या हातून वीतभर कापड वाया गेलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

दोन वर्षांपूर्वी दुखणं लागलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. वायरीवरचं रबर झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजतं, असं डॉक्टरांनी समजावलं. हातपाय अजून चालत होते, पण अंगातलं त्राणच गेलं. सकाळी वेणी घालून झाली की हात गळून पडायचे. रात्रभर झोपूनही ती दमलेलीच उठायची. वरून मात्र काही दिसत नाही, हीच तर पंचाईत. सासूबाई वरपासून खालपर्यंत बघत म्हणायच्या, आम्ही काय कधी दमलोच नाही? बहीण म्हणायची, जरा फिरायला जात जा. एकट्या नवऱ्यानं तिच्याकडे कधी पुरावा मागितला नाही. ती दारातून आत आली की तो तिचं तोंड बघायचा, "पड जरा" म्हणायचा आणि स्वतः स्वयंपाकाला लागायचा.

कारखान्यात तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं असतं तर मालकांनी तिला बटणं निवडायला बसवलं असतं. टेबल गेलं की आपण संपलो, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. डॉक्टरांनी मोजून दिलेली जागं ठेवणारी गोळी होती, रोज सकाळी एक. तिच्या जोरावर चारपाच तास निघायचे, ते सगळे टेबलाला. पुढे थर्मासमधली काळी कॉफी. आणि स्वतःचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक आखणी ती दोनदा तपासायची.

मग ऐंशी कोटांचं काम आलं, सोमवारी एका दिवसात कापायचं. बाईनं काय करावं? रविवारची गोळी घेतलीच नाही, सोमवारसाठी राखून ठेवली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, उठून पाणी प्यायची ताकद नव्हती. सोमवारी दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या, वर तीन पेले कॉफी. एका वेळी एकच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऐकतंय कोण!

सोमवारी तिच्या नुसतं अंगात आलं होतं. बोटं थरथरत होती, पण डोकं लख्ख होतं, पूर्वीसारखं. कापड पसरायला तात्या होते, तिच्याही आधीपासून तिथे असलेले म्हातारे गृहस्थ.

"बाई, सुलट्यावर सुलट घालू ना?" त्यांनी विचारलं.

तसं घातलं, म्हणजे थरांची सुलटी तोंडं एकमेकांसमोर आली, की एकाच नमुन्यातून डावी आणि उजवी, दोन्ही बाह्या निघतात. तिनं कापडावर हात फिरवला, याला एकाच दिशेला बसणारी लव आहे असं तिला वाटलं, आणि ती उलटसुलट होऊ नये म्हणून सगळे थर सुलटेच वर ठेवायला सांगितले. मग बाहीचा नमुना एकदा सुलटा, एकदा पालथा मांडावा लागतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हे सांगितलं असतं. पण त्या दिवशी ती स्वतःवरच खूश होती. नमुना नेहमीसारखा दोन्ही वेळा सुलटाच मांडला, एकदाही तपासला नाही आणि जेवणाच्या सुट्टीआधी मोकळी झाली.

चार वाजता शिवणाऱ्या बायकांकडून बोंब आली. एकशे साठ बाह्या, सगळ्या डाव्या.

मालक धावत आले. मास्तरीणबाई चुकतील हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सगळं खापर तात्यांवर फोडलं. एवढ्या वर्षांत कापड पसरता येत नाही, दिसत नसेल तर उद्यापासून घरी बसा, असं सगळ्यांदेखत सुनावलं. तात्यांनी एकदाच बाईकडे पाहिलं. ती स्टुलावर बसली होती. गोळीचा जोर उतरला होता, पाय उचलत नव्हते. मी सांगितलं तसंच त्यांनी केलं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की पुढचे प्रश्न आलेच, हात का थरथरतायत, थर्मासात काय आहे. ती मूग गिळून बसली.

"चुकलं माझं," तात्या म्हणाले, आणि खुंटीवरची पिशवी घेऊन निघून गेले.

घरी नवऱ्यानं तोंड बघितलं आणि म्हणाला, "पड जरा." ती पडली नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसून तिनं सगळं सांगितलं, दोन गोळ्यांपासून तात्यांच्या पिशवीपर्यंत.

"मग तू बोलली का नाहीस?"

"अहो, दमले होते मी."

खोटं नव्हतं ते. दमलेली होतीच. भ्यालेलीही होती, आणि दोन्हींत जास्त काय होतं, हे तिचं तिलाही सांगता येईना.

नवऱ्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग "बरं" म्हणाला आणि आत गेला. दोन वर्षं सासूबाई तिच्याकडे बघत आल्या होत्या ना, अगदी तसंच त्यानं बघितलं होतं.