पहाटे झोपणारा नकाशा

वाघ माझ्या धाकट्या जावेला नाल्यात ओढत होता आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर चकती फिरतच होती. आम्ही उरलेल्या तिघींनी बोंबा मारल्या, टोपल्या फेकल्या. तो तिला टाकून गेला, पण मान आधीच मोडली होती. मग चकती थांबली, नकाशा उघडला. लाल ठिपका त्याच नाल्यावर होता.

वाघ रात्री कॅमेऱ्यात कुठे दिसला, ते त्या नकाशावर कळायचं. एका संस्थेने तो गावाला दिला होता. मोहफुलं वेचायला निघण्याआधी तो बघायचा, असं ठरलं होतं. मी चौथी शिकलेली आणि सगळ्यांच्या आधी उठणारी, म्हणून मोबाइल माझ्याकडे.

पहाटे पहिल्यांदा उघडताना तो नेहमी रखडायचा. कधी मध्येच तुटायचा, पुन्हा दाबावं लागायचं. लगोलग दुसऱ्यांदा बघितला तर बोट लावताच उघडायचा. हे मी संस्थेच्या माणसाला दोनदा सांगितलं. जंगलात नेटवर्क असंच असतं, म्हणाला.

त्या पहाटे जाऊ म्हणाली, "बाई, फिरू द्या तुमची चकती. तवापर्यंत रानडुकरं फुलं खाऊन ढेकर देतीन."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि निघाले. नाला गावाला लागूनच आहे.

तेराव्याला तिचा मुलगा माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर बोलला, "मोठ्या मायनं पाह्यलंच नसन. तिले मोबाइल चालवता येते कुठी?"

कोणी त्याला अडवलं नाही.

पुढच्या आठवड्यात संस्थेची इंजिनीअर मुलगी चंद्रपूरहून आली. मी तिच्यासमोर मोबाइलवर गाणं लावलं. लगेच वाजलं. नकाशा लावला, तो रखडला. पुन्हा लावला, लगेच उघडला. मग मोबाइल खाली ठेवून आम्ही दोघी जेवलो. हात धुऊन लावला, तर परत रखडला.

"नेटवर्कची खोट असती तं गाणं काऊन वाजलं?" मी विचारलं.

मग तिने सांगितलं. नकाशा ज्या सर्व्हरवर आहे, त्याला पंधरा मिनिटं कोणी काही विचारलं नाही की तो झोपतो. स्वस्तातला आहे. पहिला माणूस विचारतो तेव्हा तो उठतो, सगळं नव्याने मांडतो, मग उत्तर देतो. रात्रभर विचारणारं कोणी नाही. पहाटे आम्ही उठतो तेव्हा तो झोपलेलाच.

तिने तिच्या कॉम्प्युटरवर त्या दिवसाची नोंद काढली. माझी विचारणा आम्ही घरून निघण्याआधीच तिथे पोचली होती. जावेच्या मुलाला बोलावून मी ती दाखवली. त्याने बघितली, हो म्हणाला आणि गेला. माफी मागितली नाही. मलाही ती घेता आली नसती. मी नकाशा लावला होता, पण तो उघडेपर्यंत थांबले नव्हते.

सर्व्हरला दर दहा मिनिटांनी आपोआप हाक जाईल, असं त्या मुलीने करून दिलं. तासाभराचं काम. आता नकाशा पहाटेही लगेच उघडतो.

आम्ही चौघी गेलो होतो. धाकटी जाऊ मेली. तिची सून, शेजारीण आणि मी जगलो.