फोटोपुरते ठोकळे

नव्या प्लास्टिकचा उग्र वास आला की मला वडगावातल्या विणकरांच्या गल्लीतली ती अंगणवाडी आठवते. बालविकासाच्या अभ्यासक्रमात निरीक्षणासाठी मी तिथे जात असे. बाहेर मागांचा खडखडाट, आत हाताची घडी घालून बसवलेली मुले आणि कुलूपबंद कपाटाच्या काचेआड वेष्टनही न फाडलेले रंगीत ठोकळे. एका विणकराची तीन वर्षांची मुलगी घरून सुताच्या कांड्या घेऊन येई आणि त्यांवर उरलेल्या धाग्याच्या रंगाप्रमाणे त्या वेगळ्या लावत बसे. सेविका कचरा म्हणून त्या काढून घेई. "आक्का, मग ते ठोकळे तरी द्या की," मी म्हटले. "मोडले तर आमालाच विचारतील, बाई. साहेब आल्यावर काढू की." तपासणीचे साहेब आले, तेव्हा ठोकळे निघाले. त्या मुलीने मोठ्यावर लहान असा नेमका क्रम लावत मनोरा उभारला. शेवटचा ठोकळा ठेवायच्या आत फोटो झाला आणि सेविकेने ठोकळा तिच्या मुठीतून सोडवून घेतला. मुलगी रडली नाही. तिने मुकाट्याने हाताची घडी घातली. "पोरं लई शिस्तीची हाईत," साहेब समाधानाने म्हणाले. शिकण्याची भूक मारून टाकण्याला शिस्त म्हणणारे ते वाक्य मला आजही सहन होत नाही. आज सकाळी माझ्या पाळणाघरात खेळण्यांचा खोका आला. "मॅडम, आधी फोटो काढूया?" मदतनीस म्हणाली. मी कात्रीने वेष्टन फाडले आणि सगळे ठोकळे मुलांमध्ये ओतले.