बाइंडरबाईंची काच

बाइंडरबाईंनी पहिल्या दिवशी मला दारातच अडवलं होतं. "वरच्यांचा माणूस ना तुम्ही? मग उंबऱ्याबाहेरूनच बोला."

आमच्या शहराचे दोन भाग, वरचा आणि खालचा. शहर मुळात कोणाचं यावरून पिढ्यानपिढ्या भांडण. पालिका वरच्यांच्या हातात. तिनं जुन्या वस्तीखालून भुयारी रेल्वे न्यायची ठरवली आणि बोगदा नेमका खालच्यांच्याच घरांखाली आला. पालिकेतले आमचे साहेब म्हणायचे, योगायोग. योगायोग कसला डोंबलाचा! मी वरचा असलो तरी मला डोळे होते.

माझं काम काचा लावायचं. भिंतीत जुनी भेग दिसली की तिच्यावर आडवी पातळ काचपट्टी सिमेंटनं बसवायची, कोपऱ्यात तारीख लिहायची आणि दर आठवड्याला जाऊन बघायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. तडकली की खोदकाम बंद आणि घर रिकामं. नियम माणसांच्या जिवासाठीच होता. पण रिकामं केलेलं घर परत मिळत नाही, हे खालच्यांनी दोनदा अनुभवलं होतं. त्यामुळे माझी काच तडकली तर आपण कायमचे घराबाहेर, एवढंच त्यांना कळत होतं.

बाई एकट्या राहायच्या. नवरा गेल्यावर बाइंडिंगचं दुकान त्यांनीच चालवलं. पुढच्या खोलीत धंदा, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे खळीचा वास. पुस्तकं दोन्ही बाजूंची यायची. दाबयंत्राकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "वरच्यांचा इतिहास आणि खालच्यांचा इतिहास मी एकावर एक ठेवून दाबते. तेवढी एक रात्र बरे गप्प बसतात." महिन्याभरात मी उंबऱ्याच्या आत आलो. पुढे चहा मिळायला लागला आणि मी 'काचवाले भाऊ' झालो.

सातव्या महिन्यात मी नेहमीसारखा मागच्या खोलीत गेलो. काच जागेवर होती, तारीखही होती, अक्षरसुद्धा माझंच वाटत होतं. बोट फिरवलं तर कड जाड लागली. आमच्या काचा पापडासारख्या पातळ असायच्या. शेजारच्या कपाटाच्या दाराची एक काच गायब होती. सगळं लख्ख कळलं. माझी काच तडकली होती, म्हणून बाईंनी कपाटाची काच कापून तिथं बसवली होती. बाइंडरचा हात तो, काम सफाईदार होतं. पण एवढी जाड काच तडकणार कधी?

बाईंच्या हातातलं दाभण थांबलं होतं. "ठीक आहे ना, भाऊ?"

त्याच सकाळी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "निवडणुकीच्या आत उद्घाटन आहे. आता एकही फुटकी काच मला नको." मी वही काढली आणि लिहिलं: काच शाबूत. अळीमिळी गुपचिळी. घरी जाताना स्वतःला समजावलं की बाईंचं घर वाचवलं, उपकारच केले. खोटं होतं ते. मी साहेबांना घाबरलो होतो, एवढंच.

एकोणीस दिवसांनी भर दुपारी बाईंच्या घराची अख्खी ओळ खचली. अकरा घरं. आधी मोठा आवाज झाला आणि सगळे रस्त्यावर धावले, म्हणून माणसं वाचली. त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

चौकशी बसली. खोदकामामुळे घर पडलं तर त्याच जागी बांधून द्यायचं, असा कायदा होता. पण ढिगाऱ्यात ती जाड काच सापडली. कोणी विचारायच्या आत बाई उभ्या राहिल्या. "काच मी बदलली. त्या भाऊंना यातलं काही माहीत नाही." पालिकेच्या वकिलाला आयतंच मिळालं. रहिवाशांनीच फसवलं, पालिकेची जबाबदारी नाही. मी समोरच्या बाकावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोराला वर बढती.

आता तिथं स्टेशन आहे. अकरा घरं गावाबाहेरच्या वसाहतीत गेली. बाईंशी तिथं कोणी बोलत नाही. नळावर त्या आल्या की बायका बादल्या उचलून निघतात, अकरा घरं हिनं घालवली म्हणून.

मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. खोलीत दाबयंत्र नव्हतं, खळीचा वास नव्हता. बोटं वाकडी झालेली. चहा मात्र त्यांनी स्वतःच केला.

"वकील म्हणतो, खटला पुन्हा उघडता येईल," त्या म्हणाल्या. "काच बदललेली पालिकेच्या माणसाला कळली होती आणि तरी तो गप्प बसला, असं निघालं तर दोष पालिकेचा. अकराही जणांना जागा परत मिळेल. म्हणून विचारते भाऊ, रागावू नका. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?"

मला पेन्शन दिसली. मुलगी त्याच पालिकेत नोकरीला आहे, ती दिसली. लाज वाटते सांगायला, पण बाई समोर असून दिसल्या नाहीत.

"नाही हो, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कप माझ्याकडे सरकवला.

"मी वकिलाला तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "भाऊंना कळलं असतं तर त्यांनी आम्हाला त्या घरांत झोपू दिलं नसतं."