वन्संच्या हातचं न्हाणं

माझ्या नणंदेचे हात बघून लोकांना वाटतं, ही बाई कुठे रंगाऱ्याकडे कामाला असावी. बोटांची टोकं तपकिरी आणि नखांच्या कडांना शिकेकाईचा रंग बसलेला, तो कशानेच जात नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या मला नुसतं 'अगं' म्हणतात. बावीस वर्षांत त्यांनी माझं नाव चारदा घेतलं असेल, चारही वेळा रागानं, आणि चौथी वेळ गेल्या महिन्यातली. एरवी माझ्या रोजच्या वहीत चार-पाच ओळी होतात. हे तेवढ्यात मावणार नाही, आणि राग उतरायची वाट बघत बसले तर लिहूनच होणार नाही.

नवरा गेला तेव्हा वन्सं एकतीस वर्षांच्या होत्या. भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, मागच्या खोलीत राहायला आल्या आणि तिसऱ्या आठवड्यात एका ब्यूटी पार्लरमध्ये लागल्या. काम एकच, गिऱ्हाइकांची डोकी धुणं. दिवसाला वीस-पंचवीस. बाटल्यांमधल्या फेसानं त्यांची बोटं फुटली, पेरांतून रक्त यायचं. मालकीण म्हणाली, हातमोजे घाल. वन्सं म्हणाल्या, "हातमोज्यातनं डोकं कळत नाही." आधी स्वतःच्या हातांसाठी म्हणून त्यांनी घरचं शिकेकाईचं न्हाणं करायला घेतलं, मग शेजारणी येऊ लागल्या, मग पार्लरमधली गिऱ्हाइकंच विचारू लागली की ते घरचं आणता का. त्यावर मालकिणीनं त्यांना अकरा वर्षांचं काम एका दुपारी संपवायला सांगितलं. वन्संनी तिथल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं नीट लावली आणि निघून आल्या. घरी येऊन मात्र त्यांनी माझा खलबत्ता आपटला, त्याला अजून चीर आहे.

त्यांचं करणं सोपं दिसतं, सोपं नाही. रिठा फोडून आतली काळी बी टाकून द्यायची, टरफल तेवढं घ्यायचं. त्यात शिकेकाईच्या शेंगा आणि वाळवलेला आवळा, रात्रभर स्टीलच्या पातेल्यात, कारण लोखंडात भिजवलं की पाणी काळं होतं आणि पांढऱ्या केसांना डाग पडतात. सकाळी मंद आचेवर ठेवून, कुस्करून, फडक्यातून तीनदा गाळायचं. जवस उकळले की गरम असतानाच गाळायचे, गार झाल्यावर तो चिकट रस फडक्यातून हलत नाही. शिवाय मेथी आणि जास्वंदीच्या वाळलेल्या पानांचं कूट. कुणाला काय किती, ते त्या केस बोटांत घेऊन ठरवतात. म्हाताऱ्या, कोरड्या केसांना रिठा नावापुरता. "नाहीतर डोक्यावर काथ्या होईल," म्हणतात. कुटायचं काम माझं. कूट कापडाच्या पुरचुंडीत बांधून मी त्यांच्या पिशवीत ठेवते.

पार्लर सुटल्यावर त्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागल्या. वरच्या मजल्यावर अडतीस म्हाताऱ्या. एका डोक्याला नळाखाली पाच मिनिटं आणि कपड्यांच्या साबणाची वडी, असा तिथला नेम. वन्सं सुट्टीच्या दिवशी पुन्हा तिथेच जायच्या आणि चार-पाच जणींना न्हाऊ घालून यायच्या. हे म्हणायचे, "ताईला सुट्टी नको, बादली द्या."

तिथे एक गणिताच्या बाई आहेत. वय त्र्याऐंशी, डोकं लख्ख, पण पडल्यापासून हात खांद्याच्या वर जात नाहीत. वेणी कमरेपर्यंत, पांढरी, एका मुठीत मावणार नाही एवढी जाड. वन्सं त्यांची मान हौदाच्या कडेला टेकवायच्या आणि डोळ्यांवर घडी केलेलं फडकं बांधायच्या.

"बाई, मान मागे."

"किती अंश?"

"मी सांगेपर्यंत."

"हे काही माप झालं?"

"शाळा सुटली तुमची. मान मागे."

बाई कुणाचं ऐकत नाहीत, पण वन्संचं ऐकायच्या.

आश्रमात नवे व्यवस्थापक आले आणि त्याच सुमाराला एका खोलीत उवा निघाल्या. व्यवस्थापकांनी टेबलावरून मान वर न करता सांगितलं, "सगळ्यांचे कापून टाका. उवा जातील, पाणी वाचेल, वेळ वाचेल."

वन्संनी विचारलं, "त्यांना विचारलंत?"

"घरच्यांची संमती घेतली आहे."

"केस घरच्यांच्या डोक्यावर आहेत का?"

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

बाईंची मुलगी लांब असते. तिनं फोनवरून एका शब्दात होकार कळवला होता. बाईंना मात्र व्यवस्थापकांनी विचारलं नाही, डॉक्टरांनी नाही आणि पोटच्या मुलीनंही नाही. जी बाई अजून वर्तमानपत्रातली आकडेमोड तपासून चुका काढते तिच्या डोक्याबद्दल तिला सोडून सगळ्यांनी ठरवलं. वन्सं घरी येऊन हे सांगत होत्या तेव्हा कणीक मी मळत होते, पण ताट त्यांनी ओढून घेतलं आणि त्या कणकेचं जे काही केलं त्याच्या पोळ्या झाल्या नाहीत.

न्हावी दर पंधरा दिवसांनी मंगळवारी येतो. पहिल्या मंगळवारी त्यानं सव्वीस डोकी कापली. उरलेल्यांना पुढची फेरी होती. वन्सं व्यवस्थापकांशी भांडभांड भांडल्या आणि एवढंच मिळवलं की पुढच्या मंगळवारी बाईंच्या केसांत एकही ऊ नसेल तर केस राहतील.

वन्संचा हिशोब सरळ होता. लीख फुटायला आठ-नऊ दिवस लागतात, म्हणजे चौदा दिवस रोज फणी फिरली तर एकही मागे राहत नाही. कामाची पाळी संपली की दीड तास. आधी कूट जवसाच्या रसात कालवून केसांना लावायचं, त्यानं केस बुळबुळीत होतात आणि लिखांची पकड सुटते. मग बोटभर रुंदीची एकेक बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी. फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची आणि मोजायचं. पहिल्या दिवशी सत्तर. सहाव्या दिवशी अकरा. नवव्या दिवशी चार. बाईंनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्याचा आलेख काढला होता आणि "उतार समाधानकारक आहे," असा शेराही दिला होता.

इथून पुढचं लिहायला हात जड होतो. दहाव्या दिवशी वन्संचं मनगट सुजलं. पोळपाट त्यांना उचलवेना. मी म्हटलं, "वन्सं, सीताफळाच्या बियांचं कूट घाला की थोडं. दोन दिवसांत साफ."

"सीताफळाची बी या घरात डोक्यासाठी येणार नाही. मी एकदा सांगितलंय."

त्या बियांनी लालभडक होऊन सुजलेले एका मुलीचे डोळे त्यांनी पार्लरमध्ये बघितले होते म्हणे. मला ते अती वाटलं. माझ्या माहेरी आम्हा तिन्ही बहिणींच्या उवा माझ्या आईनं त्याच बियांनी घालवल्या, आणि तिघींनाही अजून सुई ओवता येते. शिवाय खरं सांगायचं तर रोज दीड तास त्या तिकडे आणि घरचं सगळं माझ्यावर, याचाही मला कंटाळा आला होता. मी दोन चमचे बियांचं कूट पुरचुंडीत मिसळलं आणि गाठ बांधली. मनात म्हटलं, उवा गेल्यावर सांगू. तेव्हा हसतील.

मी एक गोष्ट विसरले. आई ते तेलात कालवून फक्त मानेवर आणि कानामागे लावायची, तेल जागचं हलत नाही. वन्संचं कूट जवसाच्या रसात पातळ होतं आणि मागाहून पाणी ओतलं की कपाळावरून ओघळतं. हे मला माहीत होतं, त्यांना असं करताना मी शंभरदा बघितलं होतं. तरीही विसरले.

त्या दिवशी फडक्याखालून ओघळ डोळ्यांत गेला. बाई म्हणाल्या, "मला आग होतेय, आणि मी उगीच सांगत नाही." वन्संनी अर्धा तास डोळ्यांवर पाण्याची धार धरली आणि दवाखान्यात नेलं. एका बुबुळावर ओरखडे होते. मलम, पट्टी, आणि आठ दिवस डोक्याला पाणी नाही. नजर शाबूत आहे, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. आभार तेवढ्याचे. बाकी त्या दिवशी देवापुढे बसले तरी वर बघायची हिंमत झाली नाही.

वन्सं घरी आल्या आणि पुरचुंडी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. त्यांनी ती हुंगली होती, आणखी काय लागणार. मग माझं नाव घेतलं.

"तू मला विचारलंस. मी नाही म्हटलं. मग?"

"तुमचं मनगट..."

"मनगट माझं आहे. डोळे बाईंचे आहेत. तुझं काय होतं त्यात?"

हे मधे पडायला आले तर त्यांना म्हणाल्या, "तू चहा पी." त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्यावर ओरडणारी बाई गप्प बसली की घर केवढं मोठं होतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः व्यवस्थापकांकडे गेले. सांगितलं, चूक माझी, वन्संना माहीतही नव्हतं. मला वाटलं होतं, ऐकून ते नरम होतील. त्यांनी ते लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली आणि म्हणाले, "म्हणजे इथे काय आणलं जातं ते आणणारीलाही माहीत नसतं. छान." वन्संना त्यांनी त्याच दिवसापासून कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. कर्मचाऱ्यांनी घरचं काहीही आणायचं नाही, असा कागद भिंतीवर लागला. आणि बाईंचं नाव न्हाव्याच्या यादीत सगळ्यात वर. दोन चमचे मी घातले हे खरं, आणि त्याचं मी भोगेन. पण या माणसाला डोळ्यांची चिंता नव्हती. दवाखान्यात तो एकदाही आला नाही. त्याला कारण हवं होतं, आणि ते मी माझ्या सहीनिशी नेऊन दिलं.

मंगळवारी मी तिथे जाऊन उभी राहिले. कुणी ये म्हटलं नव्हतं, जा म्हणायचीही कुणाची छाती झाली नाही. बाई खुर्चीत होत्या, एका डोळ्यावर पट्टी, वेणी पुढे घेऊन मांडीवर धरलेली. न्हाव्यानं पेटी उघडली, चादर झटकली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, किती ठेवू?"

तो तसं सगळ्यांनाच विचारतो. बाकीच्या जणी व्यवस्थापकांकडे बघून गप्प बसल्या होत्या.

"सगळे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आहेत तेवढे सगळे ठेवा."

व्यवस्थापक म्हणाले, "संमती आहे. तुम्ही कापा."

"कुणाची संमती?"

"मुलीची."

न्हाव्यानं चादरीची घडी घालायला सुरुवात केली. "साहेब, चाळीस वर्षं कात्री धरतोय. नको म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्याला मी हात लावत नाही. लहान पोर रडलं तरी थांबतो. ही तर शाळामास्तरीण आहे."

"मी दुसरा न्हावी आणेन."

"आणा. त्यालाही ती हेच सांगेल."

मग व्यवस्थापकांनी मुलीला फोन लावून बाईंच्या कानाशी धरला. पलीकडून "आई, परत वाढतील गं," असं काहीसं ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "त्र्याऐंशीत तीन फूट केस वाढायला किती वर्षं लागतील ते काढ आणि मला उत्तर कळव," आणि फोन परत दिला. आवाज चढला नाही. शाळेत असताना या बाईंना मुली किती घाबरत असतील ते मला समजलं.

व्यवस्थापकांनी आणखी पंधरा दिवस दिले. दिले कसले, त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. पण ऊ दिसली तर डॉक्टरांचा कागद आणून कापतो म्हणाले, आणि कर्मचाऱ्यांनी हात लावायचा नाही. त्यावर बाईंनी भेटीला येणाऱ्यांचा तक्ता मागवला आणि त्यात माझं नाव घातलं. नातं, भाची. काम, केस.

मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळेच तर..."

"म्हणूनच. तू आता चुकणार नाहीस."

पट्टी निघाल्यावर पहिल्या दिवशी मी गेले. पुरचुंडी वन्संनी बांधली होती, दुहेरी गाठ मारून, आणि न बोलता माझ्या पिशवीत टाकली होती. कपडे धुण्याची खोली हौदासमोरच आहे. वन्सं दारात उभ्या राहिल्या, हातात पिळलेली चादर, उंबऱ्याच्या आत, म्हणजे कागदाप्रमाणे सगळं ठीक.

"पाणी आधी मनगटावर बघ."

बघितलं.

"फडकं दोनदा गुंडाळ. खालची कड कपाळात दाब."

दाबली.

"नखं नको लावूस. पेरांनी. तू काय भांडं घासतेयस?"

बाई फडक्याखालून म्हणाल्या, "ती फार हळू करतेय."

"करू दे," वन्सं म्हणाल्या.

मग एकेक बट. सव्वा तासात माझे खांदे भरून आले, आणि वन्संनी हे दहा दिवस दिवसभर राबून झाल्यावर केलं होतं. शेवटून चौथ्या बटेला फडक्यावर एक बारकी ऊ उतरली. आठ दिवस फणी फिरली नव्हती, तेवढ्यात एक लीख फुटली होती. मला रडू आलं. मी फडकं वर धरून वन्संना दाखवलं. त्यांनी लांबूनच बघितलं.

"बारकी आहे. अंडी घालायच्या आधी सापडली," म्हणाल्या. "आजपासून पुन्हा नऊ दिवस. रोज यायचं, पोळ्या राहिल्या तरी."

आज पाचवा दिवस. कालपासून फडकं कोरं आहे. वन्सं माझ्याशी कामापुरतं बोलतात, त्याहून जास्त मी मागतही नाही. व्यवस्थापक जिन्यात दिसतात, मान हलवतात. मी ओळख दाखवत नाही. सकाळी देवापुढे बसते तेव्हा बाईंच्या डोळ्यांसाठी मागते, वन्संच्या मनगटासाठी मागते, माझ्या चुकीची क्षमा मागते. त्या माणसाला क्षमा करण्याची बुद्धी दे, असं मागायचं खरं तर राहतंय, पण ते मी अजून मागितलेलं नाही.