रडायला दौंडला जाणारे मामा

वडील गेल्यावर आई मला घेऊन वरवंडला भावाच्या घरी आली. पत्र्याची एक खोली आणि दारातच मामांचं पंक्चरचं दुकान. मामी आदल्याच वर्षी वारलेल्या. घरात दोन दुःखं होती, पण मामांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मामींच्या मातीलाही नाही.

रडायला ते दौंडला जात. खरंच सांगते. त्यांच्या आवडत्या नटाचा सिनेमा टॉकीजला लागला, की पांढरे बूट घालून, केसांचा कोंबडा काढून निघत. गाव त्यांना 'हिरो'च म्हणे. मलाही नेत. पडद्यावर त्या नटाचं कुणी मेलं, की मामा अंधारात पोटभर रडत आणि हलके होऊन बाहेर येत. "रडायचं काम त्याचं हाय. आपण नुसती साथ द्यायची," म्हणत.

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि ती मामांनी हट्टानं करवून घेतलेली. निकालाच्या दिवशी आई रडली. मामा म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. त्याचा पिक्चर लागला की बघू."

गेल्या उन्हाळ्यात तो नट वारला. मी नोकरीला शिरूरला. आईचा फोन आला, "दादा कालपासनं जेवला न्हाई. बोलंना, रडंना. मला भ्या वाटतंय." मलाही वाटलं. आता हा माणूस रडणार कुठं?

मी पोचले तर दुकानात गिऱ्हाईक हसत होतं, "काय हिरो, सुतक धरलं का?" मामा ट्यूब घासत राहिले.

दुपारी शेजारच्या हमिदाभाभी झाकलेलं ताट घेऊन आल्या. पिठलं-भाकरी. आई म्हणाली, "अगं, चूल पेटलीय आमची."

"पेटू द्या. भाऊंचं माणूस गेलंय न्हवं? मग भाकरी शेजारनीनंच आणायची आस्ती." त्यांनी तुकडा मोडून मामांच्या हातात दिला. "खावा, भाऊ."

मामा घासाकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या मामींच्या फोटोकडे. "हिच्या टायमाला बी तुमीच आणली व्हती, भाभी," म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. भर दुपारी, घरात, आमच्यासमोर. नटासाठी की मामींसाठी, मी विचारलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा मात्र उतरला.

आई डोळे पुसत म्हणाली, "रड दादा, हितं तिकीट न्हाई लागत."

मामा रडता रडता हसले. नाक पुसलं, ताट पुढं ओढलं आणि जेवले.