टीव्हीखालची पेटी

बंगळूरच्या चामराजपेठेत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर तुंगाबाई राहतात. त्यांच्याइतकी मत्सरी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्यांच्याइतकी सरळही नाही, कारण तो मत्सर त्या कधी लपवत नाहीत. समोरच्यांच्या जास्वंदीला जास्त फुलं आली तर जिना चढून वर येतात आणि आज आपल्याला फार वाईट वाटलं एवढं सांगून खाली जातात. त्यांचे यजमान नरसिंहराव चिकपेठेत बटणं आणि लेस विकतात. घराणं इथे कधी आलं ते त्या दोघांनाही ठाऊक नाही. घरात मराठी, पण भाजीवाल्याशी, देवाशी आणि रागावल्यावर नवऱ्याशी तुंगाबाई कन्नडच बोलतात.

या मत्सराचं मूळ त्यांची धाकटी बहीण मथुरा. दोघी पाठोपाठच्या, एका ताटात जेवलेल्या. मथुराचं लग्न पुण्याला झालं आणि त्या दिवसापासून तुंगाबाईंनी पुणं हे गाव वाळीत टाकलं. माहेरपणाला आलेली मथुरा कौतुकाने तिकडचं काही सांगू लागली, की यांना दुधावर काहीतरी झाकायचं आठवायचं. सगळा संसार तिकडे करून, नवरा गेल्यावर, मथुरा गेल्या वर्षी मुलाच्या नोकरीमागे बंगळूरला परत आली आणि मागच्याच गल्लीत राहू लागली. तुंगाबाईंचं हरवलेलं माणूस घरी आलं.

मथुराला कमी ऐकू येतं. दुपारी जेवणं आवरली की ती बहिणीकडे यायची आणि दोघी टीव्हीवरची हिंदी मालिका बघायच्या. टीव्ही जुना, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. तो वाढवला तर नुसता भणभणाट वाढायचा, शब्द कळायचे नाहीत. म्हणून तुंगाबाई मथुराच्या कानाशी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगायच्या. मी कधी खाली गेले तर मला मालिकेपेक्षा त्यांचं सांगणंच जास्त ऐकू यायचं. वर्षभर त्यांचा चेहरा मी इतका निवांत पाहिला, की समोरच्या जास्वंदीची तक्रार बंदच झाली.

मग समोरच्या घरात शुभदा राहायला आली. पुण्याची, नवं लग्न झालेली. तिचा नवरा पद्मनाभ सकाळीच कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो. दिवसभर ती एकटी. घरात भला मोठा नवा टीव्ही, त्याला दोन्ही बाजूंना स्पीकर. मथुरा एकदा हळदीकुंकवाला तिच्याकडे गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, आणि मग जातच राहिली. तुंगाबाई खिडकीत बसून तिच्या चपला समोरच्या पायरीवर बघायच्या.

एका दुपारी शुभदाची वाटी परत करायच्या निमित्ताने त्या तिकडे गेल्या. दारातच आतलं हसणं ऐकू आलं. मालिकेतला बाप मुलीच्या शिक्षेसाठी घरदार विकायला निघाला होता. तुंगाबाईंनी मथुराला वर्षभर सांगितलं होतं की हा दुष्ट माणूस लेकीला शिक्षा करायला टपला आहे, आणि मथुरा रोज त्याला शिव्या घालत होती. शुभदा तिला समजावत होती, "अहो मावशी, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बिचारा पोरीला डॉक्टर करायला बघतोय." मथुराला हसू आवरत नव्हतं. "अक्का सगळं असंच सांगत असणार मला," ती म्हणाली.

तुंगाबाई वाटी घेऊन तशाच वर माझ्याकडे आल्या.

"शिक्षा म्हणजे शिक्षाच की हो वैनी. आपल्यात तेच, कन्नडात तेच. हिंदीवाल्यांचं चुकलं तर मी काय करू?"

मी म्हटलं, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर त्यात एवढं काय. त्यांनी वाटी माझ्या ओट्यावर आपटली. मग म्हणाल्या, की मथुरा हसली म्हणून वाईट नाही वाटलं, त्या शुभदासमोर हसली म्हणून वाटलं.

दोष टीव्हीच्या आवाजाचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. तो सुधारला की मथुरा परत येईल. नरसिंहराव म्हणाले, पद्मनाभला विचारू या, त्या मुलाला यातलं कळतं. त्या म्हणाल्या, त्याला विचारण्यापेक्षा मी बहिरी होईन. मग मला घेऊन एस. पी. रोडला स्पीकरच्या एका दुकानात गेल्या.

दुकानदाराने आधी माणसाएवढे उंच दोन स्पीकर दाखवले. त्यांत रंगीत दिवे लुकलुकत होते आणि गाणं सुरू होताच माझ्या छातीत धडधडू लागलं. तुंगाबाईंना ते क्षणभर आवडले, कारण समोरपर्यंत ऐकू गेले असते. पण त्यांनी गाणं बंद करायला लावलं आणि रेडिओवर कोणी नुसतं बोलत असेल तर ते लावा म्हणाल्या. मग पर्समधून कापूस काढून दोन्ही कानांत घट्ट बसवला, दुकानदाराकडे पाठ केली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मथुराला जेवढं ऐकू येतं तेवढंच त्यांना ऐकायचं होतं. उंच स्पीकरमधून त्यांना फक्त ढुमढुम कळलं. दुसऱ्या एका जोडीतून बोलणं येत होतं, पण चिरकं. शेवटी त्याने एक लांबट, बुटकी पेटी काढली. कॉम्प्युटरबरोबर वापरतात म्हणे. आवाज वाढवायचं यंत्र आतच, दोन्ही स्पीकर एकाच पेटीत. टीव्हीला इअरफोनचं भोक असलं की झालं. रेडिओवर एक बाई कन्नडमध्ये इडलीचं पीठ आंबवण्याबद्दल बोलत होती. तुंगाबाई कापसासकट एकेक शब्द पुन्हा म्हणू लागल्या.

"सरी," त्या वळून कन्नडातच होकार देत म्हणाल्या. "हीच द्या. उडदाचं माप तिचं चुकलं आहे, पण ऐकू आलं."

पेटी टीव्हीखाली बरोबर बसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मथुराला बोलावणं धाडलं आणि मलाही खाली बोलावलं. मालिका सुरू झाली आणि शब्द खरंच मोत्यासारखे वेगळे ऐकू येऊ लागले. तुंगाबाई सवयीने बहिणीच्या कानाशी वाकल्या.

"तो म्हणतोय की..."

"कळलं गं अक्का, येतंय मला ऐकू," मथुरा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

तुंगाबाई मागे सरकल्या. पुढच्या वाक्याला पुन्हा वाकल्या आणि स्वतःहूनच थांबल्या. आता त्या पेटीकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेने मी त्यांना शुभदाच्या पायरीकडे बघताना पाहिलं होतं. थोड्या वेळाने कॉफी करते म्हणून आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. मथुराने दोन हाका मारल्या. तेव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता ऐकू येतं ना? मग उद्यापासून तिकडे जायचं कारण नाही."

"जाणार की," मथुरा म्हणाली. "तिकडे मी मालिका बघायला जाते असं वाटलं तुला?"

"मग कशाला जातेस?"

"पुण्याचं बोलायला. माझा सगळा जन्म तिथे गेला, अक्का. ते घर, ते रस्ते, तिथली माणसं. इथे कोणाशी बोलू? त्या पोरीला निदान रस्त्यांची नावं तरी माहीत आहेत."

"मी होते की इथे."

"तू एकदा तरी विचारलंस?"

टीव्हीत कोणीतरी रडत होतं, फार स्पष्ट. मला उठून वर जावंसं वाटलं, पण वाटेत तुंगाबाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, पेटीचं बटण फिरवून आवाज पार बंद केला आणि बहिणीसमोर जमिनीवर बसल्या.

"सांग," म्हणाल्या. दम दिल्यासारखंच म्हणाल्या.

मथुरा आधी चाचरत बोलली, मग थांबेना. दोन खोल्यांचं घर, सामाईक नळ, आणि शेजारच्या अनुसूयाबाई. पहिल्या बाळंतपणात माहेरी येणं जमलं नाही तेव्हा त्याच बाईने तिला न्हाऊमाखू घातलं, रात्रभर पोर मांडीवर घेतलं, आणि नवरा गेला तेव्हाही तीच उशाशी होती. ऐकता ऐकता तुंगाबाईंचा पारा चढत गेला. शुभदाबद्दल एवढा चढलेला मी पाहिला नव्हता.

"आहे का अजून ही अनुसूया?"

"आहे की. दिवाळीला पत्र येतं तिचं."

"तू पाठवतेस?"

"पाठवते."

तुंगाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"यंदा लिहिशील तेव्हा खाली माझं नाव घाल," त्या म्हणाल्या. "सख्खी थोरली बहीण, असं लिही. तिला कळू दे."