मोठेबाबांनी घडवलेली बंदूक

आमच्या मोठेबाबांइतका आवाजाला भिणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लोहारा गावातल्या आमच्या घरासमोरून वरात जायची असली, की फटाक्यांच्या आधीच ते न्हाणीघरात शिरून कडी लावतात आणि आतून विचारत राहतात, "गेली का वं?" कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्यांची बायको, आमची मोठीआई, त्यांना अंगणात पाठवते. झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन कुंपणापलीकडे सोडतात. दुसरं वेड वस्तू आखूड करण्याचं. छत्रीचा दांडा, उलथणं, काहीच त्यांच्या हातून पूर्ण लांबीचं सुटत नाही. "एवढं लांब कायले पाह्यजे? दारात अडकते ना!" जाळी काढायचा झाडू त्यांनी इतका कापला, की आमच्या छतावरचे कोळी आता निर्धास्त आहेत.

निवृत्त होईपर्यंत त्यांची नोकरी पुण्याकडच्या कुठल्याशा सरकारी कारखान्यात होती. मोठीआई सासू-सासऱ्यांसाठी इथेच राहिली. तिथे काय करता विचारलं, की ते म्हणत, "नकाशे काढतो." पाण्याच्या पंपांचे असतील, असं आम्ही धरून चाललो. एकदा रजेवर आले असताना, भर मे महिन्यात, त्यांनी मोठीआईला लोकरीचे हातमोजे घालून एका लाकडी कडीत बोट घालायला लावलं होतं. "अडकते का सांग!" "अडकते." "थेच तर!" म्हणाले आणि रजा अर्धी टाकून निघून गेले. त्यांच्या बाकीच्या खुळांत आम्ही हेही जमा केलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न घाटंजीला झालं. नवरदेवाचा धाकटा भाऊ फौजी. जेवणं झाल्यावर तो मोबाईलमधले फोटो दाखवत होता. एका फोटोत त्याच्या गळ्यात बुटकीशी बंदूक होती. मोठेबाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाला लावला.

"मूठ नाहीच सरकवली शेवटी," ते पुटपुटले. "जराशी मागं पाह्यजे होती."

"तुम्हाले कसं मालूम, बाबाजी?" फौजीनं विचारलं.

"म्या काढली ना थे."

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. वडील म्हणाले, "दादा, उन्हात बसलता का?" पण मोठेबाबा कधी नव्हे ते भरभरून बोलू लागले. गाडी चालवणाऱ्या जवानाला, अरुंद जिन्यातून घुसणाऱ्याला लांब बंदूक अडते. म्हणून ही आखूड, खांद्याला लावायचा दस्ता दुमडणारी, एका हातानं पेलवणारी. आधी लाकडाचा नमुना, तो तासून तासून हातात बसवायचा. मग खरी बंदूक चिखलात बुडवायची, वाळूत लोळवायची. नापास झाली की पुन्हा लाकडापासून सुरुवात. बर्फातल्या जवानाचं मोज्यातलं जाड बोट घोड्यापर्यंत पोचेना, ती अडचण मोठीआईच्या बोटावर सुटली होती. "अन् गोळी झाडायच्या चाचणीले तुम्ही?" फौजीनं विचारलं. "कानात बोळे घालून भिंतीमागं बसो. तरी छाती धडधडे."

मोठीआई जिलबीचं ताट घेऊन पुढे आली. "त्या बंदुकीनं कोणी मेलं का जी?"

मोठेबाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "मले कोणी सांगत नाही," ते म्हणाले. "म्या विचारलंबी नाही."

"आई, मी गाडी चालवतो," फौजी म्हणाला. "हे बंदूक मांडीवर असते म्हणून धोक्याच्या रस्त्यानं जायची हिंमत होते."

मोठीआईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याच्या ताटलीत जिलबी वाढली. मोठेबाबांशी मात्र ती लोहाऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढेही कित्येक दिवस नाही. मग एकदा भाकरी थापता थापता उसळली, "माह्या बोटावर बंदूक बेतली, अन् मलेच नाही सांगतलं!"

"सांगतलं असतं तर घातले असते का तू मोजे?"

तिनं भाकरी उलटली.

आता दोघं दर पौर्णिमेला बुद्धविहारात जातात. पंचशीलातलं पहिलंच वचन प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. तिथे मोठेबाबांचा आवाज हल्ली अडखळतो. मोठीआई त्यांच्याकडे बघत नाही. ती फक्त तेवढं वचन जरा मोठ्यानं म्हणते, दोघांच्या वाटचं.